कॉन्ट्राच्या तीन लाइफ

मुलांच्या गेम खेळण्याबद्दल दोन वाक्यं सारखी कानावर येतात. पहिलं बाबांचं: "आम्हीही लहानपणी तासन्‌तास कॉन्ट्रा खेळलो, आमचं काय बिघडलं?" दुसरं आईचं: "सगळे गेम सारखेच, नुसती मारामारी. बंदच करायला सांगा, डॉक्टर." (कधीकधी अदलाबदल होते, आईच कॉन्ट्रावाली निघते.) माझं म्हणणं असं, की दोन्ही वाक्यं चुकीची आहेत आणि दोन्हींतली चूक एकच आहे. पडद्यावर काय दिसतं एवढंच दोघं बघतात. गेम संपतो कसा, हे कोणीच बघत नाही.

आम्ही डॉक्टरही यात मागे नाही. "दिवसाला अमुक तासांपेक्षा जास्त स्क्रीन नको" असं सांगून पुढच्या पेशंटला आत बोलावणारे आमच्यात पुष्कळ आहेत. तास मोजणं सोपं असतं ना.

ज्यांना कॉन्ट्रा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. जपानच्या कोनामी कंपनीने हा गेम १९८७ मध्ये नाणं टाकून खेळायच्या मशीनसाठी काढला आणि १९८८ मध्ये निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रासाठी. ते मूळ यंत्र आपल्याकडे फार थोड्या घरांत पोचलं. नव्वदच्या दशकात आपण टीव्हीला जोडली ती त्याची नक्कल. तिला नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणायचं आणि वरून खुपसायच्या प्लॅस्टिकच्या डबीला 'कॅसेट'. कॅसेटवर भलामोठा आकडा छापलेला असायचा आणि आत तेच ते मोजके गेम वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा.

कॉन्ट्रात एक सैनिक डावीकडून उजवीकडे पळतो आणि मागे जंगल सरकत राहतं. एका बटणाने उडी, दुसऱ्याने गोळी. उडत आलेली डबी फोडली की एक अक्षर पडतं, ते उचललं की बंदूक बदलते. त्यातलं 'एस' मिळालं की गोळ्या पंख्यासारख्या पसरायच्या आणि शेजारी बसलेला भाऊ जळायचा. पण एक गोळी लागली की खेळ खलास, 'एस'सुद्धा गेलं. अशा तीन लाइफ. त्या संपल्या की मोजके कंटिन्यू, तेही संपले की पुन्हा पहिल्या जंगलापासून. सेव्ह करायची सोय नाही. एकूण आठ टप्पे, सरावलेला खेळाडू ते अर्ध्या तासाच्या आत पार करतो. शेवटी एक धडधडणारं हृदय फोडायचं. मग हेलिकॉप्टर उडतं, बेट उद्ध्वस्त होतं, गेम बनवणाऱ्यांची नावं सरकतात. त्यानंतर गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो खरा, पण तोवर अंगठा दुखायला लागलेला असतो आणि जिंकल्याचं समाधानही मिळालेलं असतं.

आता यात वैद्यकाचा मुद्दा कुठे आला? तर इथे: माणसाला थांबायला खूण लागते. ताट रिकामं होतं, प्रकरण संपतं, सिनेमात मध्यंतर होतं. अशा जागी आपण मान वर करून घड्याळ बघतो. खूण नसेल तर थांबायचा निर्णय स्वतःच्या जोरावर, मध्येच, काहीतरी अर्धवट सोडून घ्यावा लागतो. प्रौढांनाही ते जड जातं (रात्री साडेअकराला रील्स बघणाऱ्या सर्वांनी हात वर करा). मुलांना तर फारच, कारण स्वतःला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशी ओलांडली तरी पक्का होत असतो. कॉन्ट्रातला 'गेम ओव्हर' हा असा थांबा होता. तो दर दहा-पंधरा मिनिटांनी यायचाच, कारण गेम अवघड होता.

म्हणजे बाबांचं काही बिघडलं नाही याचं श्रेय त्यांच्या संयमाला द्यायचं कारण नाही. गेम संपायचा. त्यात घरात टीव्ही एक, मालिकेची वेळ झाली की रिमोट हातातून जायचा, दुसऱ्या रिमोटसाठी दोन मित्र रांगेत, शिवाय भारनियमन. इतक्या गोष्टी मिळून थांबवत होत्या. आज मुलाच्या हातात जे आहे त्यातून या सगळ्या गोष्टी काढून टाकलेल्या आहेत. आणि त्या चुकून गळलेल्या नाहीत.

जुने गेम बनवणारे संत होते असं मात्र समजू नका. नाण्यावर चालणाऱ्या मशीनवर गेम मुद्दाम अवघड ठेवलेला असायचा, म्हणजे तुम्ही लवकर मराल आणि पुढचं नाणं टाकाल. पण तोच गेम घरी आला तेव्हा नाण्याची फट उरली नाही. कॅसेटचे पैसे एकदाच मोजलेले. त्यानंतर तुम्ही ती तासभर खेळा नाहीतर शंभर तास, विकणाऱ्याला फरक पडत नव्हता. तुम्हाला रात्री दोनपर्यंत जागं ठेवण्यात कोणाचाच फायदा नव्हता. माझ्या दृष्टीने तेव्हाच्या आणि आताच्या गेममधला खरा फरक हा आहे.

एक गंमत सांगतो, तीत हा फरक उघडा पडतो. १९८६ मध्ये कोनामीचा ग्रेडियस हा अंतराळयानाचा गेम घरगुती यंत्रावर आणायचं काम काझुहिसा हाशिमोतो यांच्याकडे होतं. तोही आडवा सरकणारा गोळीबाराचा गेम, आणि इतका अवघड की तपासण्यापुरताही तो त्यांना पार करता येईना. म्हणून त्यांनी बटणांचा एक क्रम त्यात घालून ठेवला: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. हा क्रम दाबला की यानाला सगळी शस्त्रं मिळायची. गेम बाजारात गेला तेव्हा तो क्रम आतच राहिला. पुढे तोच क्रम कॉन्ट्रात आला आणि त्याने तीनाऐवजी तीस लाइफ मिळू लागल्या. तेव्हा तीस लाइफची किंमत होती दहा बटणं, ती माहीत असलेल्या मित्राची ओळख आणि थोडीशी लाज.

आता २०१२ चा कॅंडी क्रश घ्या. लाइफ पाच. एक लाइफ परत यायला अर्धा तास. तेवढा धीर नसेल तर मित्रांकडे मागा, नाहीतर विकत घ्या. लाइफ हा शब्द तोच, पण त्याचा अर्थ पार उलटा झाला. कॉन्ट्रात लाइफ संपली की सांगितलं जायचं, झालं, उठा. इथे लाइफ संपते त्या क्षणी दुकान उघडतं. गोळ्या नाहीत, रक्त नाही, रंगीबेरंगी मिठाई आहे, म्हणून हा गेम आईला निरुपद्रवी वाटतो. कित्येक घरांत आईच तो खेळत असते.

यावर "डोपामिन" असं उत्तर देण्याची हल्ली पद्धत आहे. तो शब्द वापरला की सगळं समजल्यासारखं वाटतं. पण आवडती गोष्ट समोर आली की डोपामिन हलतंच, पुरणपोळीवर तूप पडताना बघूनही. खरी अडचण आहे बक्षिसाच्या अनिश्चिततेत. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. ठरावीक वेळा चोच मारल्यावर दाणा मिळत असेल तर दाणा मिळाल्यावर कबुतर थोडं थांबतं. पण दाणा कधी दुसऱ्या टोच्याला, कधी चाळिसाव्याला मिळत असेल, तर ते न थांबता टोचत राहतं, आणि दाणे बंद केल्यावरही ही सवय लवकर सुटत नाही. जुगाराचं मशीन याच तत्त्वावर चालतं. 'आत काय निघेल माहीत नाही' अशी पैसे देऊन उघडायची पेटी गेममध्ये असते, तिला लूट बॉक्स म्हणतात, आणि तीही याच तत्त्वावर चालते. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना सरळ जुगार ठरवलं.

यावर आणखी थर चढवलेले असतात. रोज एकदा उघडलात तर भेट, एक दिवस चुकला तर साखळी तुटली. चार मित्रांचा संघ, त्यातून मध्येच उठलात तर बाकीचे हरणार आणि उद्या शाळेत ऐकावं लागणार. जेवायला हाक मारल्यावर "पाचच मिनिटं" म्हणणारा मुलगा दर वेळी खोटं बोलत नसतो. तो खरंच अशा जागी अडकलेला असतो जिथून उठणं म्हणजे मित्रांना दगा देणं. त्या क्षणी हातातला फोन हिसकावला तर जे रणकंदन होतं, त्याला "बघा, व्यसन लागलंय" म्हणणं मला पटत नाही. कॅरमच्या शेवटच्या सोंगटीला कोणी बोर्ड उलटा केला असता तर आपणही ओरडलोच असतो.

आता मारामारीकडे येऊ. १९९० मध्ये हाच कॉन्ट्रा युरोपात 'प्रोबोटेक्टर' या नावाने विकला गेला. जर्मनीतल्या नियमांची धास्ती होती, म्हणून सगळे सैनिक काढून त्यांच्या जागी यंत्रमानव घातले. जंगल तेच, उड्या त्याच, गोळ्या त्याच. मुलांचं त्यामुळे किती रक्षण झालं ते तुम्हीच ठरवा. अमेरिकेत १९९३ मध्ये सिनेटपुढे हिंसक गेमवर सुनावण्या झाल्या आणि १९९४ पासून गेमवर वयोगटाचे शिक्के आले. इतकी वर्षं सगळा वाद पडद्यावरच्या रक्तापुरता राहिला. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये जे म्हटलं ते थोडक्यात असं: हिंसक गेमचा आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमकपणाशी लहानसा संबंध दिसतो, पण खऱ्याखुऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. सहा वर्षांच्या मुलाने रक्ताचे फवारे बघावेत असं मी म्हणत नाही. पण मिठाई फोडणारा गेम म्हणजे चांगला आणि बंदुकीचा म्हणजे वाईट, ही वाटणी आरोग्याच्या दृष्टीने कुचकामी आहे.

जुन्या गेमने कोणाला काही झालंच नाही, असंही नाही. १९९० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नामांकित नियतकालिकात 'निन्टेन्डिनायटिस' नावाचं पत्र छापून आलं. एका बाईंनी सलग पाच तास बटणं दाबली आणि अंगठ्याच्या स्नायूबंधाला सूज आणली. झगमगत्या प्रकाशाने फिट येण्याचा धोकाही खरा आहे. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ ला पोकेमॉन कार्टूनच्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटाने सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. गेमवर फिटबद्दलची सूचना छापलेली असते ती शोभेसाठी नसते. ज्या मुलाला कधी फिट आली आहे, त्याच्या पालकांनी ती वाचायलाच हवी.

डोळ्यांचंही तसंच. "टीव्हीजवळ बसू नको, चष्मा लागेल" हे आपण ऐकत मोठे झालो. कॉन्ट्रा खेळताना टीव्ही निदान चार-सहा फुटांवर असायचा. फोन वीतभर अंतरावर असतो आणि तो घेऊन मूल दिवसभर घरात असतं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्तीची घराबाहेर, उजेडात काढायला लावली. तीन वर्षांनी त्यांच्यात लांबचं न दिसण्याचा दोष ३०.४ टक्क्यांना आला, बाकीच्या मुलांत ३९.५ टक्क्यांना. म्हणजे गेम नुसता बंद करून मूल घरातच दुसरं काही डोळ्यांजवळ धरून बसणार असेल, तर डोळ्यांचा फायदा मर्यादित. त्याला बाहेर काढा.

आता व्यसन या शब्दाबद्दल. तो शब्द आपण फार सैल वापरतो, आणि त्याने दोन्हीकडून नुकसान होतं. ज्याला नुसती गोडी आहे त्या मुलावर शिक्का बसतो, आणि जो खरोखर बुडतो आहे त्याच्याकडे "सगळीच मुलं खेळतात" म्हणून दुर्लक्ष होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. ही यादी २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्या व्याख्येत तासांचा आकडा नाही! तिथे विचारलेलं आहे ते असं: खेळणं सुरू करणं, थांबवणं यावरचा ताबा सुटला आहे का? बाकीच्या आवडी आणि रोजचे व्यवहार मागे पडून गेम सर्वांत पुढे आला आहे का? त्याने नुकसान होतंय हे दिसत असूनही खेळणं चालूच आहे का? आणि हे सगळं साधारण वर्षभर चाललेलं हवं, लक्षणं तीव्र असतील तर त्याआधीही निदान करता येतं. सुट्टीत दिवसाला चार तास खेळून संध्याकाळी क्रिकेटला पळणारा मुलगा या व्याख्येत बसत नाही. दीड तासच खेळणारा, पण त्यासाठी शाळा बुडवणारा, झोप मोडणारा, घरातले पैसे उचलणारा मुलगा बसू शकतो.

गेमवाल्या कंपन्यांना हे विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: पालकांनी लक्ष द्यावं. हे उत्तर मला मान्य नाही. एका बाजूला मूल कुठे सोडून जातं याचा रोज हिशेब ठेवणारी, लाखो खेळाडूंवर प्रयोग करून गेम बदलणारी यंत्रणा, आणि दुसऱ्या बाजूला सातच्या लोकलने घरी येऊन कुकर लावणारी आई. ही बरोबरीची कुस्ती नाही. ताकाहाशी मेइजिन हे हडसन या जपानी गेम कंपनीचे कर्मचारी. सेकंदाला सोळा वेळा बटण दाबणारा माणूस म्हणून जपानी मुलांचे हिरो. त्यांनी १९८५ मध्ये मुलांना जाहीरपणे सांगितलं: गेम दिवसाला एकच तास. गेम विकणाऱ्या कंपनीचा माणूस तेव्हा हे म्हणू शकला, कारण कॅसेट आधीच विकली गेलेली होती. आज एखाद्या फुकट गेमच्या कंपनीचा माणूस हे म्हणेल का?

सरकारं बंदीच्या मागे लागतात. २ सप्टेंबर २०२० ला आपल्याकडे पबजी मोबाइलवर बंदी आली, मुलं दुसऱ्या गेमवर गेली. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालच्यांना फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ ऑनलाइन खेळायची मुभा ठेवली. म्हणजे पुन्हा तासच मोजले. आपला २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी घालतो. त्याचं मी स्वागत करतो, त्या खेळांनी घरं बुडाली आहेत. पण मुलाला लाइफ विकणं, बंद पेट्या विकणं, साखळी तुटण्याची भीती घालणं, यांवर या कायद्याचा रोख नाही. मला तिथे नियम हवे आहेत: अठरा वर्षांखालच्या मुलाला बंद पेटी विकायची नाही, आणि डाव संपला की पडद्यावर दुकान नाही, फक्त 'संपलं' दिसलं पाहिजे.

तोवर घरी काय करायचं? जुन्या आठवणीने मुलाच्या फोनवर 'कॉन्ट्रासारखा' एखादा फुकट गेम टाकून निश्चिंत होऊ नका. अशा कित्येक गेममध्ये मेलात की जाहिरात बघा आणि लाइफ मिळवा, नाहीतर पैसे भरा. जंगल आणि बंदूक जुनी असली तरी आतला हिशेब नवाच असतो. कोणताही गेम आधी स्वतः अर्धा तास खेळा आणि हरल्यावर पडद्यावर काय येतं ते बघा. 'पुन्हा खेळा' एवढंच येत असेल तर ठीक. घड्याळ, नाणी, पेटी, सवलत असलं काही आलं तर तो गेम मुलासाठी नाही, मग त्यात बंदूक असो वा मिठाई. फोनवर कार्ड किंवा यूपीआय जोडून ठेवू नका, गेमच्या सूचना बंद करा. मोठा पडदा चांगला, तो दिवाणखान्यात असलेला अधिक चांगला, आणि शेजारी दुसरा रिमोट तुमच्या हातात असेल तर फारच उत्तम. कॉन्ट्राच्या धबधब्याच्या टप्प्यात एकटाच भराभर वर चढला की खालचा जोडीदार पडद्याबाहेर जाऊन मरायचा, त्यामुळे थांबून एकमेकांना वर घ्यावं लागायचं. ते बाप-लेकांनी अजूनही करून बघावं. वेळ ठरवताना मिनिटांपेक्षा डाव ठरवा: दोन डाव झाले की उठायचं. उठायची आठवण डाव सुरू होण्याआधी द्या, मध्यात नाही. झोपायच्या खोलीत फोन नको, तुमचाही.

आणि मूल मित्रांना टाळू लागलं असेल, मार्क एकदम घसरले असतील, रात्रीची झोप उलटी झाली असेल, पैशांबद्दल खोटं बोलत असेल, फोन काढून घेतल्यावर स्वतःला इजा करायची भाषा करत असेल, तर वर्ष पूर्ण व्हायची वाट बघू नका. शेवटचं लक्षण दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे या. मुलांच्या डॉक्टरकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून 'शट' नावाचं याच त्रासासाठीचं क्लिनिक आहे. पुष्कळदा गेमच्या मागे दुसरंच काही सापडतं: उदासी, शाळेतला छळ, लक्ष न लागण्याचा आजार, घरातली भांडणं. मूल गेममध्ये गेलेलं असतं कारण तिथे निदान नवी लाइफ मिळते. येताना मुलाला सोबत आणा, तो कोणता गेम खेळतो ते नाव लिहून आणा, आणि तो बोलायला लागला की पहिली दहा मिनिटं तुम्ही दोघं काही बोलू नका.